तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

४ मे, रविवार, सकाळी

या वहीची आधी माफी मागते. जानेवारीनंतर एक अक्षर लिहिलेलं नाही. शेवटच्या पानावर तीन संकल्प आहेत: रोज लिहिणे, रोज चालणे, लोकांविषयी वाईट न बोलणे. चालणं गुडघ्यामुळे राहिलं, लिहिणं ऑडिटमुळे. तिसरा संकल्प मात्र पाळला आहे. वाईट बोलले नाही, जे दिसलं तेवढंच सांगितलं.

पुन्हा वही उघडायला कारण घडलं. लेकीला कॉम्प्युटर हवा आहे. सोळा वर्षांची आहे, चित्रं काढते आणि ती हलवते. म्हणजे एक खुर्ची काढते, मग तीच खुर्ची एक पाय जरा उचललेली काढते, अशा ढीगभर खुर्च्या झाल्या की एक खुर्ची खोलीभर फिरते. याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर तिने मला खुर्च्या दाखवल्या नाहीत.

कुठल्याशा कलासंस्थेच्या वर्गासाठी एक मिनिटाची फिल्म पाठवायची आहे, पंधरा जूनच्या आत. सध्या ती हे सगळं भावजींच्या घरी करते. भावजी म्हणजे माझा धाकटा दीर. दोन गल्ल्या सोडून एकटा राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो. संध्याकाळी चहा पिऊन ही तिकडे जाते ती जेवूनच परत येते आणि थेट अंथरुणात. या आठवड्यात आम्हा दोघींचं जे काही बोलणं झालं त्यात टॉवेल हा शब्द सर्वांत जास्त वेळा आला.

घरात कॉम्प्युटर आला की लेक घरात येईल. म्हणूनच डेस्कटॉप. लॅपटॉप काखोटीला मारून कुठेही नेता येतो. डेस्कटॉप ठेवला तिथे राहतो आणि वापरणाऱ्यालाही तिथेच बसावं लागतं. हा मुद्दा दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नव्हता. पैसे नवीन फ्रीजसाठी बाजूला ठेवलेले. फ्रीज अजून चालतो, फक्त ओरडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

भावजी येऊन गेले. म्हणाले, वहिनी, किती खर्च करायचा तेवढं सांगा. पुढच्या रविवारी जाऊन पार्ट आणतो, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. तुम्ही उगाच डोकं लावू नका.

वीसेक वर्षं मी पंपांच्या फॅक्टरीत खरेदी बघते. बॉयलरपासून झाडूपर्यंत सगळं माझ्या सहीने येतं. डोकं लावू नका असं मला आजवर झाडूवाल्यानेही सांगितलेलं नाही.

त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर मी पाहिला आहे. एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं, आतली आतडी बाहेर, आणि समोर टेबलफॅन लावलेला. कॉम्प्युटर आहे की तापाने फणफणलेला पेशंट, कळत नाही. हा माणूस मला शिकवणार.

त्यांना सांगितलं, घरची खरेदीसुद्धा रीतसर होईल. ते हसले. हसणारी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. ऑडिटच्या वेळी ती रजेवर असतात.

नंतर शांत बसून स्वतःला विचारलं, मी भावजींवर अन्याय करते आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

७ मे

ज्याला वस्तू हवी त्याने मागणीपत्र द्यावं, हा पहिला नियम. लेकीला द्यायला सांगितलं. वस्तू काय, कशासाठी, कधीपर्यंत. तिने लिहून दिलं: "कॉम्प्युटर. चालणारा. फिल्मसाठी. काल." 

परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं ते व्यवस्थित, पण अक्षर भावजींचं. रॅम एवढी, प्रोसेसर अमका, ग्राफिक्स कार्ड तमकं. वापरणारा आणि बाहेरचा माणूस मिळून स्पेसिफिकेशन लिहितात तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या फॅक्टरीत एकदा अशीच एक क्रेन आली, ती छपराखाली मावली नाही.

शेवटी मीच केलं. ऑफिसच्या गेल्या वर्षीच्या खरेदीचा नमुना घेतला. ग्राफिक्स कार्ड काढून टाकलं. चित्रं ती काढणार, कार्ड नाही. "रंग: काळा किंवा करडा" आणि "आवाज: कमी" हे दोन मुद्दे माझे स्वतःचे. नवऱ्याला वाचायला दिलं. छान आहे म्हणाला. तो गार चहालाही छान आहे म्हणतो.

१० मे, शनिवार

बाजार. तीन दुकानं. प्रत्येकाविषयी निःपक्षपाती नोंद करते.

पहिलं दुकान चकचकीत, काचेच्या भिंती. कॉम्प्युटरच्या पोटात लाल-निळे दिवे, जत्रेसारखे. केसांना जेल लावलेल्या पोराने विचारलं, गेमिंगसाठी का मॅडम? म्हटलं, मुलीसाठी. म्हणाला, मुलीपण खेळतात. दिव्यांनी काय होतं विचारलं. म्हणाला, फील येतो. कोटेशन बंद पाकिटात हवं म्हटल्यावर त्याने आतल्या दुसऱ्या पोराला हाक मारली, अरे, पाकीट म्हणजे काय रे? मी ऐकत उभी आहे याचंही भान नाही. शेवटी म्हणाला, फोनवर टाकतो ना मॅडम.

दुसरं दुकान तळघरात. मालकाने मला बघताच खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. अर्धा कप संपल्यावर कळलं की हा आमच्या फॅक्टरीला माल देतो. म्हणाला, मॅडम, तुम्ही आमच्या घरच्या, तुम्हाला खरेदीच्या भावात. मी तिथल्या तिथे उठले. उरलेला अर्धा चहा तसाच ठेवला. दुकान बाद.

तिसरं, एका म्हाताऱ्याचं. कपाळावर भिंग चढवलेलं, जुनं सर्किट दुरुस्त करत बसलेला. स्पेसिफिकेशन वरपासून खालपर्यंत वाचलं. काही विचारलं नाही. बंद पाकीट म्हटल्याबरोबर उठला, आत जाऊन पाकीट घेऊन आला, डिंक लावला, वर शिक्का मारला, मागेही मारला. सगळ्या बाजारात हा एकच माणूस आहे.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, त्याला वाटलं असेल तू टॅक्सवाली आहेस. नवऱ्याला कुणाचं चांगलं बघवत नाही.

१२ मे, ऑफिसात

अर्धा कप चहा मनाला लागून राहिला. सप्लायरचा चहा तो चहाच. मॅनेजरना लेखी कळवलं: अमुक दिवशी, अनवधानाने, निम्मा कप. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, बाई, मुलीला कॉम्प्युटर घ्या आणि कामाला लागा. त्यावर "पाहिले" असं लिहून सही करा म्हटलं. केली. या माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली.

१८ मे, रविवार

अडचण. कोटेशनं दोनच. एक भिंगवाल्याचं, दुसरं जेलवाल्याने फोनवर टाकलेलं. ते मी छापून, न वाचता, पाकिटात घालून चिकटवलं. हे नियमात बसतं का यावर बराच विचार केला. छापताना डोळे थोडे बाजूला ठेवले होते. बसतं.

पण तीन हवीतच. नवरा म्हणाला, धाकट्याकडून घे की एक. मला पटलं नाही, पण आकडा पुरा करायला लोक असं करतात. भावजींना निरोप धाडला. त्यांनी लेकीच्या हातीच पाठवलं, पाकीट तरी होतं. लिफ्ट कंपनीच्या पाकिटातच, पण बंद.

दुपारी जेवणाच्या टेबलावर तिन्ही उघडली. नवरा आणि लेक म्हणजे कमिटी. भावजींचं सगळ्यांत स्वस्त निघालं. शिवाय ग्राफिक्स कार्ड त्यातच, जोडणी फुकट, आणि खाली लिहिलेलं, "हो म्हणा, रविवारी चालू."

बाद केलं. नातेवाईक आहेत. नातेवाइकाला ऑर्डर देणं कुठल्याच नियमात बसत नाही, आणि मी घरासाठी एक नियम आणि ऑफिससाठी दुसरा असं करणाऱ्यांतली नाही.

लेक म्हणाली, आई, मग त्याच्याकडून मागितलंस कशाला?

म्हटलं, तीन पाहिजेत म्हणून.

तिने बापाकडे बघितलं. बापाने मिठाच्या बरणीकडे बघितलं. नंतर दोघांनी न वाचता सह्या केल्या. कमिट्या सगळीकडे अशाच असतात.

उरलेल्या दोघांत भाव कमी म्हणून ऑर्डर भिंगवाल्याला. मन अगदी स्वच्छ आहे. ही खरेदी कुणीही येऊन तपासावी.

लेक चहा न पिताच भावजींकडे गेली.

२८ मे

माल आला. हॉलमध्ये, सोफ्याच्या बाजूला, दोन खोकी. मोठ्याचा एक कोपरा चेपलेला. ऑफिसातून आणलेलं पिवळं लेबल लावलं: "तपासणी बाकी. हात लावू नये." (लेबल ऑफिसचं आहे. उद्या एका लेबलचे पैसे भरणे.)

लेकीने क्लासमधून येऊन दप्तर खाली टाकलं आणि खोक्याशी बसली. खूप दिवसांनी तिला दात दाखवून हसताना बघितलं. उघडूया ना, म्हणाली. कात्री घेऊनच आली होती. मी लेबल दाखवलं. रविवारी, मला सुट्टी असते तेव्हा, नीट तपासून. चेपलेल्या कोपऱ्याचं आधी कळवायला हवं, फोटो काढायला हवेत. ती म्हणाली, आई, खोकं चेपलंय, कॉम्प्युटर नाही. म्हटलं, ते तपासल्यावर कळेल.

कात्री जागेवर ठेवली तिने. समजूतदार आहे. संध्याकाळी गेली तिकडे.

नवरा सोफ्यावर बसताना आता पाय वर घेऊन बसतो, खोकं आड येतं म्हणून. त्यालाही सांगितलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

१ जून, रविवार

तपासणी. मुख्य डबा ठीक. कीबोर्डच्या सगळ्या कळा दाबून बघितल्या. माउसची तार मोजली, भरली.

मॉनिटर मात्र कमी निघाला. ऑर्डर चोवीस इंची. टेप लावली, एकवीस. पुन्हा लावली, नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावलं, एकवीसच. तीन इंच खाल्ले. आणि मी या माणसाला बाजारातला एकमेव प्रामाणिक म्हटलं होतं. शिक्क्यांना भुलले.

फोन लावला. म्हणाला, ताई, ते तिरकं मोजतात. मी म्हटलं, तुम्ही टेबल तिरकं मोजता का? कापड तिरकं मोजता? म्हणाला, नाही, पण मॉनिटर तिरका मोजतात. धंदाच तिरका आहे यांचा. आजच्या आज परत न्यायला लावला. त्याचा पोऱ्या येऊन घेऊन गेला. जाताना माझ्याकडे जरा दयेने बघितल्यासारखं वाटलं. चोराच्या घरची दया मला नको.

लेक दारात उभी होती. आई, तो बरोबर होता, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तू आपल्या बाजूने बोल जरा. ती म्हणाली, मी मॉनिटरच्या बाजूने बोलतेय.

हे सगळं भावजींकडे बसून येतं.

५ जून, ऑफिसात

धक्कादायक. दुपारी कुणी नसताना आमच्या सेक्शनमधले सगळे मॉनिटर मोजले. एकही भरत नाही. अकाउंट्समध्येही तेच. इतकी वर्षं फॅक्टरी लुबाडली जाते आहे आणि प्रत्येक बिलावर माझी सही आहे. पण लपवणं माझ्या स्वभावात नाही. मॅनेजरना तपशीलवार पत्र लिहिलं, स्वतःची जबाबदारीही मान्य केली.

त्याच दिवशी, नंतर

पत्र मागे घेतलं. मॅनेजर म्हणाले, बाई, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. टीव्हीसुद्धा. तुमच्या घरी टीव्ही आहे ना? मग म्हणाले, चार दिवस रजा घ्या.

चूक मोजमापाची नव्हती, दिशेची होती. मोजलेलं बरोबरच होतं.

८ जून, रविवार

मॉनिटर परत आणायला गेले. दुकानाला कुलूप. दारावर कागद: घरी लग्न असल्यामुळे दुकान बंद, अमुक तारखेपर्यंत. तारीख पंधराच्या नंतरची. लोक धंदा करतात की लग्नं. फोन लावला तर मागे बँड वाजत होता. म्हणाला, ताई, मॉनिटर जपून ठेवलाय, तिरकाच ठेवलाय. आणि हसला. हा विनोद असेल तर मला कळला नाही.

घरी आले. लेकीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. म्हणाली, ठीक आहे आई. रागावली असती तर बरं झालं असतं.

१४ जून

लेकीची फिल्म गेली, एक दिवस आधी. अर्थात भावजींच्या त्या उघड्या पोटाच्या कॉम्प्युटरवरून. घरी आल्यावर नवऱ्याच्या फोनवर दाखवली. खास मला दाखवली नाही, पण मी बाजूलाच होते.

काम बरं आहे. एक खोकं घरात येतं. एक चष्मेवाली बाई टेप घेऊन ते मोजते. मग दार मोजते, खिडकी मोजते, सोफ्यावर झोपलेला माणूस मोजते, त्याचं घोरणंही मोजते. खोक्याला पाय फुटतात. ते खिडकीतून उतरून रस्त्याने चालत दुसऱ्या एका घरी जातं आणि तिथे पंख्याच्या वाऱ्यात बसतं. शेवटी बाई रिकाम्या जागेवर टेप धरून उभी असते.

नवरा हसता हसता अचानक थांबला.

एक-दोन त्रुटी दाखवल्या. सावली एकदा चुकीच्या बाजूला पडते. आणि ती बाई कोण, ते नीट कळत नाही. मी म्हटलं, तुझ्या त्या गणिताच्या बाईंवरून का? ती म्हणाली, कुणावरूनच नाही. चष्मा माझ्यासारखा आहे, पण हल्ली सगळ्यांचे चष्मे तसेच असतात. बाईचं पात्र जरा अतिरंजित वाटलं. इतकं मोजतं का कुणी.

१८ जून

मॉनिटर आला. तिरका मोजला. भरला. पिवळं लेबल काढून हिरवं लावलं: "स्वीकृत." टेबल खिडकीपाशी मांडलं, खुर्चीवर नवी उशी, उजेड डाव्या बाजूने येईल असा. शेवटी नियमाने केलं ते नियमाने पूर्ण झालं. दिरंगाई झाली म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या खरेद्या बघाव्यात.

लेकीने बघितलं. छान आहे आई, म्हणाली. बापासारखं.

२० जून

फिल्म पाठवून झाली. काम काही नाही. तरी आजही चहा झाल्यावर चप्पल घालून गेली. कालही. परवाही. मी खिडकीतून बघितलं, पळत जाते.

नवऱ्याला विचारलं, आता कशाला जाते ती तिथे? तो पेपर वाचत होता. खाली न ठेवताच म्हणाला, तिथे तिला कुणी तपासत नाही.



२२ जून, रविवार

ठरवलं, कॉम्प्युटर चालू करून ठेवायचा. ती उठेल तेव्हा पडदा उजळलेला असेल, मग बसेलच.

बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ. सुरू करायला आत काहीच सापडत नाही, अशा अर्थाची. बंद केला, चालू केला. तीच ओळ.

भिंगवाल्याला फोन. म्हणाला, ताई, आत विंडोज नाही. का नाही? तुमच्या कागदात नव्हतं. आणि माझं स्पेसिफिकेशन त्याने मला फोनवर वाचून दाखवलं, काळा किंवा करडापासून आवाज कमीपर्यंत. सगळं बरोबर होतं. ऑफिसात ते दुसऱ्या कंत्राटात येतं, म्हणून माझ्या नमुन्यात नव्हतं. वीस वर्षं मी प्रत्येक सप्लायरला बजावत आले की कागदात असेल तेवढंच द्या. ऐकणारा हा पहिलाच भेटला.

दुपारभर नवऱ्याच्या फोनवर व्हिडिओ बघून प्रयत्न केला. व्हिडिओतलं पोरगं बंदुकीच्या गोळीसारखं बोलतं. एवढं कळलं की एक पेनड्राइव्ह तयार करावा लागतो, आणि तो तयार करायला आधी एक चालू कॉम्प्युटर लागतो. हे ज्याने ठरवलं त्याला मी झाडूचंसुद्धा कंत्राट दिलं नसतं.

चहा झाला. लेक केस विंचरून बाहेर आली. माझ्या मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं हसेल. हसली नाही. ओळ वाचली आणि म्हणाली, आई, काकाला बोलावू का? अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हटलं, आपलं आपण बघू.

ती तिथेच उभी. म्हणाली, तो इथे आला तर मीपण नाही जाणार आज. तो कुणाचा कॉम्प्युटर लावतो तेव्हा पेनड्राइव्ह नेहमी मीच करून देते त्याला.

मी म्हटलं, विचार करते.

दारात जरा थांबली, एक चप्पल घालून. मी पडद्याकडे बघत होते. मग दुसरीही घातली आणि गेली.

हॉलमध्ये मी, नवरा आणि ती पांढरी ओळ. मी बसले होते त्या नव्या उशीवर, तिच्यासाठी घेतलेल्या. उजेड खरंच चांगला येतो तिथे.

नवऱ्याला विचारलं, भावजींना जेवायला काय आवडतं? त्याने पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला. म्हणाला, तू बोलावलंस तर तो काहीही खाईल.

उद्या: भावजींना जेवायला बोलावणे.